हाड उरले नाही, तरी दात हवेत



आजचा विषय आहे हाड गमावलेला जबडा आणि त्यावर पुन्हा दात बसवण्याचे मार्ग. हा विषय दंतवैद्यांच्या परिषदेत शोभणारा वाटेल, पण तो विदर्भातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी मांडायला सबळ कारण आहे. आपल्याकडे जबड्याचे हाड तीन वाटांनी जाते. पहिली वाट संथ आहे. दात पडतात किंवा काढले जातात, कवळी बसते आणि तिच्याखाली हाड वर्षानुवर्षे झिजत राहते. दुसरी वाट खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची आहे. तोंडाचा कर्करोग होतो आणि शस्त्रक्रियेत गाठीबरोबर जबड्याचा भागही काढावा लागतो. तिसरी वाट २०२१ साली रुंद झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, ज्याला आपण काळी बुरशी म्हणू लागलो त्या रोगाने, कित्येकांचे वरचे जबडे पोखरले आणि जीव वाचवण्यासाठी ते काढावे लागले. या तिन्ही वाटांच्या शेवटी उभा असलेला माणूस एकच प्रश्न विचारतो: ‘आता मला दात बसतील का?’ माझे म्हणणे असे की, आज बहुतेकांना या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते. परंतु कोणते दात आणि कशाच्या आधारावर, हे ठरवताना आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. बाजारात सर्वांत नवे काय आले आहे, तिथून विचार सुरू होतो. तो सुरू व्हायला हवा उरलेल्या हाडापासून आणि त्या माणसाच्या पुढच्या वीस वर्षांपासून. जो इलाज बिघडल्यावर दुरुस्त करता येतो, फसल्यावर मागे घेता येतो आणि जवळच्या ठिकाणी सांभाळता येतो, तोच हाड गमावलेल्या माणसासाठी योग्य इलाज, हे मला आज पुराव्यानिशी मांडायचे आहे.

आधी हाड जाते कसे ते पाहू. जबड्याचे दोन भाग मनात वेगळे करावे लागतात. एक मूळ जबडा आणि दुसरा त्यावर दातांभोवती उभा राहिलेला हाडाचा कंगोरा. हा कंगोरा दातांमुळे अस्तित्वात असतो. घास चावताना दाताच्या मुळावर येणारा ताण मुळाभोवतीच्या तंतूंमधून हाडाला पोचतो आणि त्या ताणावर हाड स्वतःला घडवत राहते. शेतात पाणी धरायचेच थांबले की बांधाकडे कोणी लक्ष देत नाही आणि तो पावसागणिक ढासळतो, तसे दात गेल्यावर या कंगोऱ्याचे होते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा मागोवा घेऊन १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातली झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली. म्हणूनच ‘वरची कवळी बसते, खालची हलते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. वरच्या कवळीला टाळूचा विस्तार धरून ठेवतो. खालची कवळी मात्र जिभेच्या आणि गालाच्या मधोमध, घोड्याच्या नालासारख्या अरुंद पट्टीवर तरंगत असते. त्या पट्टीचे हाड गेले की तिला धरायला काही राहत नाही.

झीज फार झाली की शरीररचनाच आडवी येते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर कंगोरा खालून झिजतो आणि सायनस वरून खाली उतरते. मध्ये कधी दोन-तीन मिलिमीटरचाच पापुद्रा उरतो. खालच्या जबड्यात दाढांच्या खालून एक नस जाते आणि सुळ्याच्या मागे हनुवटीच्या बाजूला बाहेर पडून ओठाला संवेदना देते. हाड झिजत गेले की ही नस वर आल्यासारखी होते. काहींच्या बाबतीत तर ती थेट हिरडीखाली येते आणि प्रत्येक घासाला कवळीचा दाब तिच्यावर पडून कळ उठते. पण निसर्गाने एक जागा बरीचशी राखून ठेवलेली असते. दोन्ही बाजूंच्या नसांच्या बाहेर पडण्याच्या ठिकाणांमधला खालच्या जबड्याचा पुढचा भाग, म्हणजे हनुवटीचा पट्टा, फार झिजलेल्या जबड्यातही पुष्कळदा इम्प्लांट, म्हणजे दातांना आधार देणारा धातूचा स्क्रू, धरण्याइतका शिल्लक असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या विचारात ती पुन्हा येणार आहे.

आपल्या भागाची वेगळी अडचण पानठेल्यावर सुरू होते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, परंतु सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जाणारा खर्रा विदर्भाच्या गावोगावी सहज मिळत राहिला. २०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, तर ओढणारे ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरण्याचा आहे. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघतात. पण कर्करोगाच्या आधीही सुपारी एक नुकसान करून ठेवते. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. खर्रा, सुपारी खाणाऱ्या अनेकांच्या तोंडात दोनही जात नाहीत. हाड उरले आहे की नाही हा प्रश्न मग दुसरा होतो. पहिला प्रश्न हा की, उपचाराची अवजारे आत जातील का? ज्या तंत्रांची मोठमोठी छायाचित्रे आपण जाहिरातीत पाहतो, त्यांतली बरीचशी पुरेसे तोंड उघडणाऱ्या रुग्णासाठी घडलेली आहेत. कळंबच्या रुग्णासाठी निवड करताना ही बोटांची चाचणी स्कॅनच्याही आधी यायला हवी.

आता इम्प्लांटचे मूळ पाहू. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सशांच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे कवच काढायला गेल्यावर ते निघेना. हाड त्या धातूला घट्ट धरून बसले होते. या निरीक्षणातून १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले. तो रुग्ण जन्मतःच जबड्यात व्यंग आणि दातांची उणीव असलेला होता. १९८२ च्या टोरँटो परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांनी ही पद्धत स्वीकारली. पुढे ब्रोनेमार्क यांनीच गालाच्या हाडात रुतणारे लांब इम्प्लांट विकसित केले, तेही कर्करोगाने किंवा अपघाताने वरचा जबडा गमावलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, इम्प्लांट म्हणजे पैसेवाल्यांच्या हसण्याची सजावट, असा समज आज रूढ आहे. मुळात ही विद्या ज्याच्या जबड्यात काहीच धरत नाही अशा माणसासाठी जन्मली. त्याच्यापर्यंत ती पोचवणे म्हणजे तिला तिच्या मूळ कामाकडे परत नेणे होय.

हाड कमी असताना जे मार्ग आहेत ते दोन घराण्यांत मोडतात. पहिल्या घराण्याचा विचार असा की, हाड नाही तर ते आधी तयार करा. सायनसच्या खालचे अस्तर हलकेच वर उचलून त्याखाली हाडाची भर घालणे ही पद्धत १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. फार मोठी उणीव असेल तर हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा कंबरेच्या हाडातून तुकडा काढून तो स्क्रूने घट्ट बसवतात. या मार्गाचे मोठेपण असे की शेवटी इम्प्लांट रुग्णाच्या स्वतःच्या हाडात, दाताच्या नैसर्गिक जागेच्या जवळ बसतात. त्याची किंमतही तेवढीच मोठी आहे. दोन शस्त्रक्रिया, कधी तीन. मधे चार ते नऊ महिन्यांची वाट. कंबरेचे हाड काढले तर काही आठवडे लंगडत चालणे. आणि एवढे करून बसवलेल्या हाडाचा काही भाग पुन्हा झिजतो. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटलेला नसेल, तर जखम उघडून सगळी भर वाया जाण्याचा धोका खरा आहे.

दुसऱ्या घराण्याचा विचार वेगळा आहे. हाड जिथे उरले आहे तिथेच जा. सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट हे त्याचे सर्वांत साधे रूप. हाडाची भर घालून बसवलेल्या लांब इम्प्लांटशी त्यांची तुलना झाली, तेव्हा पहिल्या पाच वर्षांपर्यंत ते जवळपास तेवढेच टिकले आणि शस्त्रक्रियेची गुंतागुंत कमी झाली. पुढचे रूप तिरप्या इम्प्लांटचे. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पूर्ण जबड्याचे दात चार इम्प्लांटवर उभे राहतात. पुढचे दोन सरळ असतात आणि मागचे दोन तिरपे, म्हणजे वर सायनसला आणि खाली नसेला वळसा घालणारे. वरच्या जबड्यात हे तिरपेपणही पुरेनासे झाले की गालाच्या हाडाचा आधार घ्यावा लागतो. हे झायगोमॅटिक इम्प्लांट ३० मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपेक्षाही अधिक लांबीपर्यंतचे असतात. ते टाळूच्या बाजूने शिरून सायनसमधून किंवा तिच्या कडेने गालाच्या दणकट हाडात रुततात. प्रसिद्ध आढाव्यांत त्यांचे टिकण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि हाडाची भर न घालता काही दिवसांत पक्के दात देता येतात. हे यश मोठे आहे. पण ते अनुभवी हातांचे आणि सुसज्ज केंद्रांचे आकडे आहेत. इम्प्लांटच्या टोकापासून डोळ्याची खोबण दूर नसते. नंतर सायनसचा दाह झाला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो. आणि असा इम्प्लांट फसला तर त्याच जागी दुसरा बसवणे अवघड असते. याच घराण्यात हिरडीखाली, हाडाच्या वर बसणारी धातूची चौकटही येते. स्वीडनचे दाल यांनी ती १९४० च्या दशकात सुरू केली. तेव्हा जबड्याचा ठसा घेऊन ओतलेल्या चौकटी नीट बसत नसत, जंतुसंसर्ग होई आणि हाड आणखी खचे. म्हणून ती मागे पडली. आता सीटी स्कॅनवरून त्या एका रुग्णापुरती टायटॅनियमची चौकट छापता येते आणि ती बरीच अचूक बसते. मात्र वीस वर्षांचा पुरावा तिच्यापाशी अजून नाही.

या दोन घराण्यांच्या चर्चेत एक तिसरा, नम्र मार्ग झाकला जातो. मघाशी म्हटले की हनुवटीचा पट्टा बहुधा शिल्लक असतो. तिथे दोनच इम्प्लांट बसवावेत, त्यांच्या डोक्यांवर बटणे असावीत आणि खालची कवळी त्या बटणांवर टचकन अडकावी. कवळी रात्री काढता येते, धुता येते, सकाळी परत बसते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे ठरवले की, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी साधी कवळी हा पहिला पर्याय मानू नये. तो मान दोन इम्प्लांटवरच्या कवळीला द्यावा. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क येथील निवेदनाने त्याला दुजोरा दिला. इथे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. कवळीच्या आतल्या बाजूला, प्रत्येक बटणासमोर नायलॉनची एक छोटी कडी असते. घास चावून चावून ती सैल होते आणि कवळी पूर्वीसारखी पकडत नाही. तेव्हा दंतवैद्य जुनी कडी उपसून नवी बसवतो. काम खुर्चीवर काही मिनिटांचे, भूल नाही, टाका नाही. हे काम तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकते. एक इम्प्लांट गेला तरी कवळी उरते, दुसरा बसवता येतो, आणि तोवर माणूस उपाशी राहत नाही. इलाजाची दुरुस्ती इलाजाच्या रचनेतच धरलेली असते, ती अशी.

कर्करोग आणि बुरशीच्या रुग्णांचा विचार याहून वेगळा करावा लागतो, कारण तिथे हाड झिजलेले नसते, त्याचा तुकडाच गेलेला असतो. खालच्या जबड्याचा तुकडा काढल्यावर पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून जबड्याच्या आकारात बसवण्याची पद्धत १९८९ पासून रूढ होत गेली. त्या हाडात पुढे इम्प्लांट धरतात, पण किरणोपचार झालेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथे घाईने केलेले छिद्र कधी न भरणारी जखम होऊन बसते. म्हणून इम्प्लांट कधी बसवायचे, हे शस्त्रक्रियेच्या आधीच कर्करोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकत्र ठरवले पाहिजे. म्युकरमायकोसिसमध्ये बहुतेक रुग्ण मधुमेही होते आणि अनेकांना स्टेरॉइड मिळाले होते. बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून टाळूत आणि डोळ्याकडे पसरली. मे २०२१ मध्ये अॅम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा असताना वर्ध्याच्या जेनेटेक कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. हा विदर्भाच्या इतिहासात नोंदवावा असा प्रसंग आहे. पण औषधाने आणि शस्त्रक्रियेने वाचलेल्या माणसाचा अर्धा टाळू गेलेला असतो. पाणी प्यावे तर नाकातून येते. बोलणे गेंगाणे होते, फोनवर घरच्यांनाही कळत नाही. टाळूचे भोक बंद करणारी कवळी हा त्यावरचा फार जुना उपाय आहे. फ्रान्सचे शल्यवैद्य पारे यांनी सोळाव्या शतकात तिचे वर्णन केले. आज ती अॅक्रिलिकची असते. तिच्यावर दात बसतात आणि ती लावताच माणूस पाणी पिऊ लागतो, बोलू लागतो. गालाचे हाड निरोगी राहिले असेल तर तिथल्या झायगोमॅटिक इम्प्लांटचा तिला आधार देता येतो. पण बुरशी गालाच्या हाडातही शिरते. ते हाड स्वच्छ आहे, रोग परतलेला नाही, साखर आटोक्यात आहे, एवढे सिद्ध होईपर्यंत थांबणे हाच उपचाराचा भाग असतो. अशा रुग्णाला काढता-घालता येणाऱ्या कवळीचा आणखी एक मोठा फायदा आहे. ती काढली की डॉक्टरला आतली जखम उघड्या डोळ्यांनी दिसते आणि रोगाची पहिली खूण हातची जात नाही. पक्का बसवलेला दातांचा पूल ही खिडकी बंद करतो.

एवढ्या विवेचनातून माझा निकष स्पष्ट व्हावा. इम्प्लांट किती वर्षे टिकला, हा आकडा आपण नेहमी विचारतो. हाड भरपूर असलेल्या रुग्णासाठी तो पुरेसा आहे, कारण एक गेला तर शेजारी जागा असते. हाड गमावलेल्या रुग्णाकडे दुसरी संधी कमी असते, म्हणून त्याने वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. हे फसले तर माझ्याकडे काय उरेल? याची डागडुजी कोण, कुठे करेल? ‘कुठे’ या प्रश्नात अंतर येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला. वर्ध्याजवळच्या सावंगीला दंत महाविद्यालय आहे आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय. अंतरे कमी होत आहेत ही आनंदाची गोष्ट. तरीही कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, दर काही महिन्यांनी तपासणीला जाणे हा खर्चच आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. ज्या इलाजाची देखभाल रुग्णाला झेपत नाही, तो कितीही प्रगत असला तरी त्याच्यासाठी अपुरा आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा: ही तर गावाच्या माणसाला दुय्यम इलाज देण्याची शिकवण झाली. मुंबईच्या माणसाला गालाच्या हाडातले पक्के दात आणि कळंबच्या माणसाला काढायची कवळी? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नेमके दिले पाहिजे. मॅकगिलच्या तज्ज्ञांनी दोन इम्प्लांटची कवळी गरिबांसाठी सुचवली नव्हती. खालच्या जबड्यासाठी किमान मानक म्हणून सुचवली होती. मी ज्या निकषाचा आग्रह धरतो तो मुंबईच्या रुग्णालाही लागू आहे. फरक एवढाच की मुंबईत बिघडलेले दुरुस्त करणारे हात जवळ असतात, म्हणून तिथे चुकीची निवड उशिरा उघडी पडते. आणि जिथे वरचा जबडा पूर्ण झिजला आहे, कवळी काही केल्या टिकत नाही, तोंड उघडते आहे आणि रुग्ण तपासणीला येऊ शकतो, तिथे कळंबच्या माणसालाही झायगोमॅटिक इम्प्लांट मिळालाच पाहिजे. क्रम पाळा एवढेच मी म्हणतो. मोठा इलाज नाकारा, असे मी कुठेही म्हणत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. लोकांना वाट पाहायची नसते, तीन दिवसांत पक्के दात मिळत असतील तर हरकत काय? मूळ जबड्याच्या टणक हाडात इम्प्लांट रुतवून लगेच दात देणाऱ्या पद्धतींची आज जोरात जाहिरात होते. लगेच दात देणे ही कल्पना मुळात चूक नाही. योग्य रुग्णात, पुरेशी पकड मिळाली तर ते अभ्यासांनी सिद्ध झालेले आहे. खटकते ते दिवसांच्या आकड्यावर इलाज विकणे. मूळ जबड्यात खोल रुतवलेले इम्प्लांट फसले तर जे हाड जाते ते रुग्णाचे शेवटचे हाड असते. खालच्या जबड्याची उंची १० मिलिमीटरच्या आत आलेली असेल, तर तो जबडा मोडण्याचा धोकाही असतो. म्हणून तीन दिवसांत दात देऊ म्हणणाऱ्याला तीन वर्षांनंतरचे चित्र विचारावे. त्रिमितीय स्कॅन दाखवून हाड कुठे, किती आहे हे समजावणे, दुसरे पर्याय सांगणे आणि फसल्यास काय करणार ते लिहून देणे, एवढे ज्याला जमत नाही त्याच्याकडे हाड गमावलेल्या रुग्णाने जाऊ नये.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे. जिथे हृदयरोग, डायलिसिस, बाळंतपण यांनाच निधी पुरत नाही, तिथे दातांवर सरकारी पैसा का खर्चावा? याला उत्तर देताना एक अतिशयोक्ती टाळली पाहिजे. इम्प्लांट बसवले की आहार आपोआप सुधारतो, असे अभ्यास सांगत नाहीत. चावण्याची ताकद वाढते, समाधान वाढते, पण वर्षानुवर्षे मऊ भात आणि वरणावर राहिलेला माणूस आहाराचा सल्ला मिळाल्याशिवाय भाकरीकडे आणि कोशिंबिरीकडे सहसा वळत नाही. म्हणून दातांबरोबर सल्लाही द्यावा लागेल. मात्र ज्याचा जबडा रोगाने नेला, त्याच्या बाबतीत ‘दातांवर खर्च’ ही भाषाच लागू होत नाही. शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत म्युकरमायकोसिसच्या उपचाराचा समावेश केला, ते योग्यच केले. जीव वाचवण्याचा खर्च समाजाने उचलला, तर त्या माणसाने पाणी प्यावे आणि बोलावे यासाठीचा त्यापेक्षा पुष्कळ लहान खर्च त्याच उपचाराचा उरलेला भाग आहे. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा सर्वांना इम्प्लांट देत नाही. कर्करोगाने किंवा अपघाताने जबडा गमावलेले, जन्मतः दात नसलेले आणि कवळी अजिबात न पेलणारे, अशा ठरावीक रुग्णांनाच प्राधान्याने देते. मर्यादित निधीत न्याय कसा करावा, याचा हा चांगला नमुना आहे. आपल्याकडेही जबडा काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या मंजुरीतच टाळूची कवळी, पुढचे इम्प्लांट आणि दोन वर्षांची देखभाल धरलेली असावी, अशी मागणी कळंबच्या व्यासपीठावरून केली पाहिजे.

शेवटी कोणी काय करायचे ते सांगतो, कारण ज्यांच्या स्मृतीसाठी अशा व्याख्यानमाला चालतात त्यांचा मान नुसत्या ऐकण्याने राखला जात नाही. ज्यांचे दात अजून आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की, हाड वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दाताचे मूळ वाचवणे. वरचा भाग तुटला तरी मजबूत मूळ उपचार करून राखता येते, त्यावर कवळीही बसते आणि भोवतीचे हाड टिकते. म्हणून ‘सगळेच काढून टाका’ हा सल्ला मुकाट्याने मानू नये. ज्यांनी कवळी लावली आहे त्यांनी ती रात्री काढावी आणि सैल झाली की पावडर टाकून वर्षानुवर्षे वापरण्याऐवजी तपासून घ्यावी. खर्रा खाणाऱ्याने आज आरशासमोर उभे राहून आपलीच तीन बोटे तोंडात उभी जातात का ते पाहावे. जात नसतील तर तपासणीला उशीर करू नये. दंतवैद्यांनी मोठ्या शस्त्रक्रियेआधी दोन इम्प्लांटच्या कवळीचा पर्याय रुग्णापुढे ठेवावा, आणि तालुक्याच्या दवाखान्यांनी तिच्या देखभालीचे शिक्षण घ्यावे. आणि ज्यांच्या घरात बुरशीतून किंवा कर्करोगातून वाचलेला माणूस आहे, त्यांनी टाके निघाले म्हणजे उपचार संपला असे समजू नये. त्याला दंत महाविद्यालयात न्या, टाळूची कवळी मागा आणि ती मिळेपर्यंत मागत राहा. हाड गेलेल्या माणसाला चावता, गिळता आणि बोलता येणे हे आज विज्ञानाच्या आवाक्यात आहे. त्याच्या आवाक्यात ते आणायचे की नाही, हे आता आपण समाज म्हणून काय मागतो यावर ठरणार आहे.